२१४७४८३६४७ मूळ संख्या आहे हे कॉम्प्युटरशिवाय कसं कळलं?

प्रश्न आपल्या कोल्हापूरच्याच एका पोराचा आहे, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तो म्हणतो, "सर, सी मधे इंट ची सगळ्यात मोठी किंमत २१४७४८३६४७, म्हणजे २^३१ - १ (२ चा ३१ वा घात वजा १), ही मूळ संख्या आहे असं सगळीकडं लिहिलंय. मित्र म्हणतो ३१ मूळ आहे ना, मग २^३१ - १ पण मूळच असणार. हे बरोबर आहे का? आणि मी स्वतः प्रोग्रॅम लिहून बघितला तर तो बराच वेळ चालतोय आणि मग 'मूळ नाही' म्हणतोय. कॉम्प्युटर नसताना हे कुणी कसं काढलं असेल?"

भावा, शेवटून सुरुवात करतो, कारण तुझा तो प्रोग्रॅम मी पण लिहिलेला आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट, शाहूपुरीत एका क्लासच्या लॅबमधे टर्बो सी वर. तिथं इंट, म्हणजे सी भाषेतलं पूर्णांक ठेवायचं खोकं, सोळा बिटचं असायचं म्हणून मी त्याहून मोठं, लाँग घेतलं, लूप लावला, २ पासून एकेक आकडा घ्यायचा, भाग जातो का बघायचं, आणि त्या आकड्याचा वर्ग आपल्या संख्येपेक्षा मोठा झाला की थांबायचं. पुस्तकात असतंय तस्संच. संध्याकाळी रन केला, काही केल्या थांबेना, म्हटलं मशिन स्लो आहे, चालू दे रात्रभर, सकाळी येऊन बघतो तर स्क्रीनवर लिहिलंय की भाग जातो, आणि कशानं जातो तर २१४७४८३६४७ नं. म्हणजे स्वतःनं स्वतःला भाग जातो हे सांगायला त्यानं अख्खी रात्र घेतली! झालं काय होतं, तर या संख्येचं वर्गमूळ ४६३४० आणि वर थोडं. लूप ४६३४१ ला पोचला की थांबायला पाहिजे, पण ४६३४१ चा वर्ग होतो २१४७४८८२८१, आणि तो ३२ बिटच्या साइन्ड, म्हणजे अधिक-उणे दोन्ही ठेवणाऱ्या खोक्यात मावतच नाही, तो उलटून -२१४७४७९०१५ होतो. आता उणे आकडा काय, कुठल्याही अधिक आकड्यापेक्षा लहानच. मुळात त्या खोक्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्याच तू तपासतोयस, त्यामुळं "वर्ग हिच्यापेक्षा मोठा झाला का" या प्रश्नाला कधीच हो उत्तर येणार नाही, लूप थेट शेवटपर्यंत जाणार. दुसरी कुठलीही लहान संख्या देऊन बघितली असतीस तर बहुतेक वेळा प्रोग्रॅम नीट चालला असता आणि चूक कळलीच नसती. तर वर्ग करू नको, "आकडा हा, संख्या भागिले आकडा, यापेक्षा लहान किंवा त्याच्याएवढा आहे का" असं तपास, किंवा ६४ बिटचं व्हेरिएबल घे. (सी च्या नियमाप्रमाणं असं ओव्हरफ्लो झालं की कंपायलरला काहीही करायची मुभा आहे, त्यामुळं तुझ्या मशिनवर अजून वेगळा इस्कोट पण होऊ शकतो. पायथनवाल्यांना हे टेन्शन नाही.)

असो. हे दुरुस्त केलंस की डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर येईल, मूळ आहे म्हणून. पण खरी मजा तुझ्या दुसऱ्या प्रश्नात आहे, हातानं कसं काढलं. साधा हिशोब बघ, ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्या पावणेपाच हजाराच्या वर आहेत. दहा आकडी संख्येला एवढ्या वेळा भागायचं, तेही आधी त्या मूळ संख्यांची यादी हाताशी असेल तर. रोज वीस भागाकार न चुकता केले तरी आठ महिने. आणि एक चूक झाली की सगळं मुसळ केरात.

आधी मित्राचं निकालात काढू. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. वरचा घातांक मूळ नसेल तर २^घातांक - १ कधीच मूळ येत नाही, उदाहरणार्थ २^६ - १ म्हणजे ६३, त्याला २^२ - १ म्हणजे ३ नं पण भाग जातो आणि २^३ - १ म्हणजे ७ नं पण. हे नेहमीच होतं. पण उलटं खरं नाही. २^११ - १ = २०४७ = २३ × ८९. अकरा मूळ आहे, २०४७ नाही. या एका उदाहरणावर मित्राकडून मिसळ वसूल कर. आणि त्याला वाईट वाटायचं कारण नाही, भले भले फसलेत. इटलीतला कॅटाल्डी, त्यानं १५८८ मधे १७ आणि १९ घातांकांच्या संख्या खरंच भागून भागून मूळ आहेत हे दाखवलं, मग पुढं २३, २९, ३१, ३७ यांच्याही मूळ आहेत असं लिहून मोकळा झाला. चारातलं एकच बरोबर निघालं, ३१. २३ वाली ४७ नं फुटते, ३७ वाली २२३ नं, हे फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं १६४० मधे दाखवलं, २९ वाली २३३ नं फुटते हे ऑयलर या स्विस गणितज्ञानं १७३८ मधे. मधल्या काळात, १६४४ मधे, मर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं आपली यादी छापली, ज्याच्या नावानं या संख्यांना आज मर्सेन संख्या म्हणतात, त्यात ६७ आणि २५७ चुकीचे घातले आणि ६१, ८९, १०७ विसरला. तरी नाव त्याचंच चिकटलं बघ.

आता ३१ वाली. ही खऱ्या अर्थानं सिद्ध केली ऑयलरनं, १७७२ मधे डॅनिएल बर्नुलीला लिहिलेल्या पत्रात कळवलं. तेव्हा तो पीटर्सबर्गला होता, पासष्टीच्या आसपास, एक डोळा तरुणपणीच अधू झालेला, दुसऱ्यात मोतीबिंदू, जवळजवळ आंधळाच म्हण. या माणसानं पावणेपाच हजार भागाकार केले नाहीत. त्यानं आधी हे ठरवलं की हिला भाग जाणारा आकडा असलाच तर तो कसा दिसेल.

हे नीट समजून घे कारण सगळा खेळ इथंच आहे.

समज रंकाळा तळ्याला चक्कर मारतोयस. तुझी चाल अशी की बरोबर ३१ मिनिटांत एक चक्कर पूर्ण होऊन तू पुन्हा सुरुवातीच्या जागी येतोस, आणि मधे कुठंही त्या जागी येत नाहीस. आता मी तुला काही एक वेळानं सुरुवातीच्या जागी उभा बघितला, तर मला घड्याळ न बघता सांगता येतं की गेलेली मिनिटं ३१ च्या पाढ्यातलीच आहेत. बास, एवढंच वापरायचंय.

आता समज कुठल्यातरी मूळ संख्येनं, तिला आपण "भ" म्हणू, २^३१ - १ ला पूर्ण भाग जातो. मग भ नं भागून बाकी बघत बसायचं. १ पासून सुरू कर, दर पायरीला दुप्पट कर, भ च्या वर गेलं की भ नं भागून बाकी ठेव. १, २, ४, ८... ३१ पायऱ्या झाल्या की २^३१, आणि त्याची बाकी १, कारण २^३१ - १ ला भ नं भाग जातोय. म्हणजे ३१ पायऱ्यांनी चक्कर पूर्ण. त्याआधी होईल का? झाली तर तो आकडा ३१ चा भाजक असायला लागेल, आणि ३१ मूळ असल्यामुळं १ सोडून दुसरा भाजकच नाही, आणि एका पायरीत २ ची बाकी १ होत नाही. म्हणजे चक्कर नक्की ३१ चीच. आता फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की भ मूळ असेल तर भ - १ पायऱ्यांनंतर पण तू सुरुवातीच्याच जागी असतोस. म्हणजे भ - १ हा ३१ च्या पाढ्यातला. भ विषम आहे म्हणून भ - १ सम पण आहे, म्हणजे ६२ च्या पाढ्यातला. झालं! भ हा ६२, १२४, १८६ यात एक मिळवून येणाराच पाहिजे. ३ नं भागायची गरज नाही, ७ नं नाही, ११ नं नाही, ४७ नं नाही. त्या सगळ्यांना दारातच अडवलं.

एवढ्यावर पण तो थांबला नाही. २^३१ ची बाकी १, म्हणजे २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे भ च्या दुनियेत, नुसत्या भ नं भागलेल्या बाक्या बघितल्या तर, २ हा आकडा कशाचा तरी वर्ग आहे, ६५५३६ चा. आणि २ कुणाच्या दुनियेत वर्ग असतो याचा नियम आहे, ८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ७ येणाऱ्या मूळ संख्यांच्याच. याची सिद्धता इथं देत नाही, लांबेल, पण ७, १७, २३ वर आणि ५, ११, १३ वर हातानं करून बघ, पटेल. (७ मधे ३ चा वर्ग ९, बाकी २. ५ मधे वर्गांच्या बाक्या १ आणि ४ च येतात, २ येतच नाही.)

दोन्ही चाळण्या एकत्र लावल्या की उरतात फक्त २४८ च्या पाढ्यात १ मिळवलेले किंवा ६३ मिळवलेले आकडे. ६३, २४९, ३११, ४९७, ५५९ असे. ४६३४० पर्यंत मोजलेस आणि पहिला ६३ (तो तर उघड ७ × ९ आहे) सोडलास तर किती होतात माहितेय का, ३७२. पावणेपाच हजाराचे ३७२. आणि त्यातले पण बरेच मूळ नाहीत, २४९ हा ३ × ८३, ४९७ हा ७ × ७१, ५५९ हा १३ × ४३, ते पण गळाले. पहिला खरा उमेदवार ३११, बाकी ३५ उरते. त्याच्यानंतरचा थेट १३०३, बाकी २२६. खासबागेत पैलवान जोड बघून लावतात तसं आहे हे, वाटेल त्याला आखाड्यात सोडायचं नाही. चाळणी लावून झाल्यावर मग हे काम दोनचार दिवसांचं राहतं, बैठक मारून बसणाऱ्याला.

यातून मला तुला एक सांगायचंय जे सहसा कुणी सांगत नाही. ही संख्या प्रसिद्ध आहे ती मोठी आहे म्हणून नाही, तिच्या घडणीमुळं आहे. दोन अब्जाच्या आसपास मूळ संख्या ढिगानं पडल्यात, साधारण दर एकवीस-बावीस आकड्यांमागं एक. पण त्यातली कुठलीही उचललीस तर ऑयलरला असं दारात अडवायला काही मिळालं नसतं, कारण तिला धरायला मूठच नाही. २^३१ - १ ला मूठ आहे. तुम्ही कॉम्पिटिटिव्ह कोडिंगवाली पोरं १,००,००,००,००७ वापरता ना, ती पण मूळच आहे, पण ती निवडली कारण एकावर नऊ शून्यांच्या पुढची ती पहिलीच मूळ संख्या, लक्षात ठेवायला सोपी, आणि तिच्यापेक्षा लहान दोन आकड्यांची बेरीज इंट मधे मावते. ती सोयीची आहे. ३१ वालीसारखी घडीव नाही. माझं मत आहे हां, दुसऱ्या कुणाला १,००,००,००,००७ आवडत असेल तर आवडू दे.

आता पुढची पायरी. ऑयलरची युक्ती कितीही भारी असली तरी शेवटी भागाकारच. १२७ घातांकाची संख्या ३९ आकडी आहे, तिथं ही पद्धत जन्मात संपणार नाही. तरी १८७६ मधे ल्युका नावाच्या फ्रेंच माणसानं ती मूळ आहे हे हातानं दाखवलं. कसं?

गुजरीत सोनार काय करतो बघ. दागिना वितळवत बसत नाही. काळ्या दगडावर घासतो, रेघ बघतो, सांगतो खरं का खोटं. त्या दगडालाच तर आपण कसोटी म्हणतो. ल्युकाची पद्धत, जी पुढं १९३० मधे लेमरनं नीटनेटकी केली, ती ही अशी कसोटी आहे. संख्या फोडायचा प्रयत्नच करायचा नाही, नुसती घासायची.

करायचं एवढंच: ४ पासून सुरू करायचं. वर्ग करायचा, २ वजा करायचे, आपल्या संख्येनं भागून बाकी ठेवायची. असं घातांकापेक्षा दोन कमी वेळा. शेवटी बाकी ० आली तर मूळ, नाही तर नाही. १२७ वर करू, म्हणजे २^७ - १, पाच वेळा करायचं. ४ चा वर्ग १६, वजा २, १४. चौदाचा वर्ग १९६, वजा २, १९४, बाकी ६७. मग ६७ चा वर्ग ४४८९, वजा २, ४४८७, बाकी ४२. मग १७६४ वजा २, १७६२, बाकी १११. मग १११ चा वर्ग १२३२१, वजा २, १२३१९, आणि हे बरोबर १२७ × ९७. बाकी शून्य! मूळ. आता २०४७ वर कर, नऊ वेळा, शेवटी १७३६ येतंय. शून्य नाही म्हणजे मूळ नाही. आपल्या ३१ वालीला फक्त २९ वेळा करावं लागतं. ३७२ भागाकार कुठं आणि २९ वर्ग कुठं.

पण गंमत बघ, १७३६ वरून तुला २३ आणि ८९ काही कळत नाहीत. कसोटीवर खोट आहे एवढं कळलं, त्यात काय मिसळलंय ते कळलं नाही. याचं सगळ्यात झकास उदाहरण ६७ वालं. मर्सेननं मूळ म्हणून सांगितलेली, ल्युकानं १८७६ मधेच दाखवलं की नाहीये, पण भाजक कुणालाच माहीत नाही. ते सापडायला १९०३ उजाडलं. अमेरिकेत फ्रँक कोल म्हणून एक प्राध्यापक, गणिताच्या सभेत फळ्याजवळ गेला, तोंडातून शब्द न काढता एका बाजूला २^६७ - १ काढलं, १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हातानं करून दाखवला, दोन्ही उत्तरं एकच, आणि जाऊन बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्याख्यान संपलं. माझ्या क्लासमधे मी एकदा असं करून बघितलं होतं, पोरं म्हणाली सर आज बोलत का नाहीत, तब्येत बरी नाही का.

मूळ आहे का हे विचारणं सोपं आणि फोडणं अवघड, हा फरक आपल्या मोबाईलमधल्या बँकेच्या व्यवहारापर्यंत आलेला आहे, आरएसए ही संदेश कुलूपबंद करायची पद्धत वगैरे त्याच्यावरच उभं आहे. आणि "मूळ आहे का" हे कुठल्याही संख्येसाठी, मूठ असो नसो, अंदाजाशिवाय आणि वाजवी वेळात ठरवता येतं हे २००२ मधे आपल्या आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बी.टेक. झालेले. हे तुझ्या वर्गातल्या पोरांना सांग.

आता प्रोग्रॅमिंगवाल्यांच्या कामाचं. बाकी काढणं म्हणजे भागाकार, आणि भागाकार कॉम्प्युटरला महाग. पण या संख्येनं बाकी काढायला भागाकार लागतच नाही. आजोबांनी कधी नवाचा ताळा दाखवलाय का? लक्ष्मीपुरीतले जुने दिवाणजी बेरीज बरोबर आहे का हे आकड्यांची बेरीज करून तपासायचे, कारण १० ला ९ नं भागलं की बाकी १, १०० ला पण १, म्हणून संख्येतले आकडे नुसते मिळवले की ९ ची बाकी हातात. इथं पण तेच आहे, फक्त दहाच्या जागी २^३१. त्याची बाकी १. म्हणून संख्या बायनरीत ३१-३१ बिटांच्या तुकड्यात मोड आणि तुकडे मिळव. छोटं करून दाखवतो, ३१ नं १००० ची बाकी पाहिजे. ३१ म्हणजे २^५ - १, म्हणून पाच-पाच बिटांचे तुकडे. बायनरीत १००० म्हणजे १११११ आणि ०१०००, म्हणजे ३१ आणि ८, बेरीज ३९, त्यातून ३१ गेले, ८. खरंच ३१ × ३२ = ९९२, बाकी ८. एक शिफ्ट, एक बेरीज, संपलं.

याचा फायदा घेऊन १९६९ मधे आयबीएम सिस्टिम/३६० या कॉम्प्युटरसाठी रँडम नंबर काढायची पद्धत बनवली आणि १९८८ मधे पार्क आणि मिलर या दोघांनी तीच "किमान एवढी तरी वापरा" म्हणून सुचवली. पद्धत अशी, आत्ताचा आकडा गुणिले १६८०७, आपल्या संख्येनं भागून बाकी, तोच पुढचा आकडा. १, १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, असं. दहा हजार वेळा केलं की १०४३६१८०६५ यायला पाहिजे, तुझा कोड बरोबर आहे का बघायला हा आकडा लिहून ठेव. १६८०७ च का? तो ७ चा पाचवा घात आहे. रंकाळा आठव. २ नं चालत गेलास तर ३१ पायऱ्यांतच घरी परत, म्हणजे या तळ्याला २ ची चक्कर अगदीच तोकडी. ७ नं चालत गेलास तर तळ्याकाठची एकूण एक जागा, २१४७४८३६४६ च्या २१४७४८३६४६, फिरून मगच परत येतोस, एकही न सुटता. १६८०७ चं पण तसंच, कारण २१४७४८३६४६ ला ५ नं भाग जात नाही. हे खेळ, सिम्युलेशन याला ठीक. पासवर्ड, ओटीपी असल्या कामाला अजिबात वापरू नको, एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात.

इंट ची कमाल किंमत मूळ आहे हा तसा योगायोगच. खोकं ८ बिटचं असलं की १२७, मूळ. १६ बिटचं असलं की ३२७६७ = ७ × ३१ × १५१, नाही. ३२ ला मूळ. ६४ ला घातांक ६३, तो स्वतःच मूळ नाही, विषय संपला. १२८ ला पुन्हा मूळ, तीच ल्युकाची ३९ आकडी. आणि बघ, आपल्या संख्येतून १ वजा करून फोडलास तर २ × ३^२ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१ येतं, म्हणजे जुन्या टर्बो सी च्या इंट ची कमाल किंमत ३२७६७ अख्खीच्या अख्खी आत लपलेली आहे! पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो.

२०३८ चं पण पोरं विचारतात म्हणून सांगतो. युनिक्सचं घड्याळ १९७० पासून सेकंद मोजतं, ३२ बिटच्या खोक्यात ते १९ जानेवारी २०३८ ला आपल्या वेळेनं सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी बरोबर २१४७४८३६४७ ला पोचतं, आणि पुढच्या सेकंदाला माझ्या त्या लूपसारखं उलटतं. नवीन मशिन ६४ बिटवर गेलेत, जुन्या मशिनरीतल्या कंट्रोलरचं मात्र बघायला पाहिजे, आपल्या शिरोली-गोकुळ शिरगावकडं काम करणाऱ्यांनी तर नक्कीच.

परिपूर्ण संख्यांचं थोडक्यात. ६ चे स्वतःला सोडून भाजक १, २, ३, बेरीज ६. २८ चं पण तसंच. प्रत्येक मर्सेन मूळ संख्येतून अशी एक संख्या मिळते हे युक्लिडला माहीत होतं, आणि सम परिपूर्ण संख्या दुसऱ्या कुठल्या मार्गानं येतच नाहीत हे ऑयलरनं दाखवलं. ३१ वालीतून येते २३०५८४३००८१३९९५२१२८. पीटर बार्लो या इंग्रजानं १८११ मधे लिहिलं की यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण उपयोग काही नाही, नुसती गंमत, कोण कशाला शोधेल. आता त्याला काय सांगायचं, लोक उपयोगासाठीच शोधतात असं वाटणारा माणूस होता बिचारा. आज सगळ्यात मोठी माहीत असलेली मूळ संख्या २^१३६२७९८४१ - १ आहे, ऑक्टोबर २०२४ मधे जाहीर झाली, ४,१०,२४,३२० आकडी. एका पानावर तीन हजार आकडे छापले तरी तेरा हजाराच्या वर पानं. १९९६ पासून जगभरची माणसं आपापले कॉम्प्युटर याच कामाला लावून बसलीत, आणि मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत का कुठंतरी संपतात हे अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही.

आणि हो, तुझा मित्र हुशार असेल तर पुढं विचारणारच, की ३ मूळ म्हणून २^३ - १ = ७ मूळ, ७ मूळ म्हणून १२७ मूळ, १२७ वरून ती ३९ आकडी पण मूळ, मग २ चा घात २१४७४८३६४७ करून १ वजा केला तर? त्याला सांग, फुटते. २९५२५७५२६६२६०३१ नं भाग जातो. आणि या भाजकातून १ वजा करून २ × २१४७४८३६४७ नं भागलंस तर बरोबर ६८७४५ येतं, म्हणजे तो रंकाळ्याचा नियम एवढ्या लांबवर पण पाळला जातोय.

आता तुझं काम. तुझ्या प्रोग्रॅममधला तो वर्ग काढून टाक, मग ऑयलरची चाळणी घाल, घातांक ३१ ठेव, भाजक ४६३४० पर्यंत. काउंटर लावून ३७२ च येतात का बघ, ६३ धरलास तर ३७३. मग घातांक २९ कर, पाढा ५८ चा होईल, आठची अट तीच. पहिला उमेदवार १७५, तो ५ नं कटतो, आणि दुसऱ्यालाच, २३३ ला, प्रोग्रॅम थांबायला पाहिजे. नाही थांबला तर कोड घेऊन राजारामपुरीत ये, रविवारी सकाळी दहानंतर मी असतो, येताना मिसळ जिंकलेली असली तर पार्सल पण आण.